शकुंतला परत आणायची तर आधी दहा किलोमीटर

प्रश्न दर्यापूरकडच्या काही तरुणांचा आहे. मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी नॅरोगेज गाडी, म्हणजे आपली शकुंतला, बंद पडली आहे. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये लोकांनी एकत्र येऊन बंद पडलेल्या छोट्या रेल्वे पुन्हा चालू केल्या. मग शकुंतला हेरिटेज गाडी म्हणून का चालू होऊ नये, आणि करायचीच तर पहिलं काम कोणतं, असं त्यांनी विचारलं आहे. माझी नोकरी सातपुड्यातल्या नॅरोगेजवर, रूळमार्गाच्या खात्यात गेली. निवृत्तीनंतर अशा छोट्या मार्गांचं काम पाहतो आणि विचारतील त्यांना सांगतो. म्हणून सविस्तर लिहितो.

उत्तर आधी सांगतो. होऊ शकते. पण दोन्ही फाटे मिळून सुमारे १९० किलोमीटर आहेत, ते सगळे मागू नका. एका टोकाचे दहा-बारा किलोमीटर मागा, ते नीट निवडा आणि जमीन व कागद पक्के होईपर्यंत इंजिनाचा विषयच काढू नका. जगात ज्या बंद रेल्वे परत आल्या, त्यातल्या बहुतेक तुकड्यातुकड्यानं आल्या.

शकुंतला काय आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण बाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी कंपनीनं १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. वऱ्हाडचा कापूस मुख्य लाइनीपर्यंत आणायचा, मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढवायचा, तिथून मुंबई आणि पुढे मँचेस्टर, असा तिचा हिशेब होता. गेज (दोन रुळांमधलं अंतर) २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलीमीटर. अचलपूर फाटा सुमारे ७६ किलोमीटरचा, यवतमाळ फाटा सुमारे ११३ किलोमीटरचा. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी या मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली. गाडी सरकारी रेल्वे चालवायची आणि कंपनीला तिचा वाटा मिळायचा. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत चाललं, त्यानंतर डिझेल आलं. अखेरच्या काळात तिकीट देणं, फाटक लावणं, इंजिन जोडणं-सोडणं ही सगळी कामं मोजकीच माणसं करायची. तरीही दर्यापूर, अंजनगाव, कारंजा, दारव्हा इथल्या गरीब माणसाला एवढ्या कमी भाड्यात नेणारं दुसरं वाहन नव्हतं.

आणि म्हणूनच हेरिटेजबद्दल बोलण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. तुमच्या भागातली मुख्य मागणी ब्रॉडगेजची आहे आणि ती रास्त आहे. अंजनगावच्या मुलीला अमरावतीला कॉलेजात जायचंय, पथ्रोटच्या शेतकऱ्याला संत्रा दिल्लीच्या बाजारात पाठवायचाय. ताशी वीस किलोमीटरनं जाणारी हेरिटेज गाडी यातलं काहीच करणार नाही. हेरिटेजची मागणी ब्रॉडगेजच्या आड येते असं एकदा गावात पसरलं की तुमच्या सभेला कोणी फिरकणार नाही, आणि त्यात लोकांचं काही चुकणार नाही. तुमची मांडणी अशी हवी: ब्रॉडगेज होवोच, आणि ती होताना जो तुकडा नव्या आखणीत वापरात येणार नाही तो नॅरोगेज म्हणूनच राखा. आखणी बदलली की जुन्या मार्गाचे काही वळसे, जुनी स्टेशनं बाजूला पडतात. तुमचा हक्क तिथे आहे.

हे नवीन काही नाही. मध्य प्रदेशात महू ते खंडवा हा होळकरांच्या काळातला मीटरगेज मार्ग. त्याचं रुंदीकरण ठरलं तेव्हा पातालपाणी ते कालाकुंड हा घाटातला सुमारे दहा किलोमीटरचा तुकडा मीटरगेजच ठेवला आणि डिसेंबर २०१८ मध्ये त्यावर हेरिटेज गाडी सुरू केली. गाडी जाते, धबधब्याजवळ थांबते, लोक कालाकुंडला उतरून तिथला कलाकंद खातात आणि परत येतात. तुकडा छोटा, जायला कारण आहे आणि परत यायला वेळ उरतो. तुमच्यापुढचा सगळ्यात जवळचा नमुना हाच आहे. तो एकदा स्वतः जाऊन पाहा. गाडीत बसण्यापेक्षा फाटकं, मोऱ्या (रुळाखालून पाणी जाणारे छोटे पूल) आणि स्टेशनवरची दुकानं जास्त बारकाईनं बघा.

गुजरातमधली बिलिमोरा–वघई गाडीही पाहा. गायकवाडांच्या बडोदा संस्थानानं बांधलेला हा सुमारे ६३ किलोमीटरचा मार्ग आणि गेज अगदी तुमचंच, ७६२ मिलीमीटर. करोनात बंद पडली होती, सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. वऱ्हाडच्या मंडळींनी डांगमध्ये जाऊन त्या गाडीच्या गार्डशी आणि रूळ सांभाळणाऱ्या गँगच्या मुकादमाशी तासभर बोलावं. मोठ्या अहवालात सापडणार नाही ते तिथे कळेल.

आता वेल्स. तुम्ही टॅलिलिनचं उदाहरण दिलं आहे. स्वयंसेवकांनी चालवलेली जगातली पहिली रेल्वे म्हणून तिचा मान मोठा आहे. १९५० मध्ये तिचे मालक सर हेन्री हेडन जोन्स वारले, त्याच ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमला टॉम रोल्ट आणि त्यांच्या मित्रांनी सभा घेतली आणि मे १९५१ मध्ये गाडी त्यांच्या हाताखाली चालू झाली. पण टॅलिलिन कधी बंदच पडली नव्हती. रूळ गवतात रुतले होते तरी गाडी उन्हाळ्यात चालत होती. तुमची गाडी बंद आहे, म्हणून तुमचा धडा टॅलिलिनमध्ये नाही. तो तिच्या शेजारच्या परगण्यात, वेल्शपूल आणि लॅनफेअर या दोन गावांमधल्या रेल्वेत आहे.

ती रेल्वे मी तुमच्यासाठी मुद्दाम निवडतो, कारण तिचं गेजही २ फूट ६ इंच आणि तिचं मूळ कामही शेतीचं. तिच्यासाठी ना कोणती खाण होती, ना बंदर. मेंढ्या, धान्य, कोळसा, चुना आणि बाजाराला जाणारी माणसं, एवढ्यासाठी १९०३ मध्ये नऊ मैलांचा मार्ग बांधला. १९३१ मध्ये बसनं प्रवासी ओढले आणि प्रवासी गाडी थांबली. माल १९५६ पर्यंत चालला, मग तोही थांबला. आपल्याकडच्या कितीतरी फाट्यांची हीच गोष्ट आहे.

पुढचं मात्र वेगळं घडलं. १९६० मध्ये उत्साही लोकांनी रीतसर कंपनी नोंदवली. ब्रिटिश रेल्वेकडून मार्ग भाडेपट्ट्यानं घेतला. आधी खरेदीचा आग्रह धरला नाही, खरेदी थेट १९७४ मध्ये झाली. मार्गाची मूळ दोन इंजिनं, द अर्ल आणि द काउंटेस, मँचेस्टरच्या बेयर पीकॉकची १९०२ मधली, कारखान्यात ठेवलेली होती. ती १९६१ आणि १९६२ मध्ये परत आली. मूळ डबे कधीच मोडीत गेले होते, म्हणून नौदलाच्या दारूगोळ्याच्या डेपोतली त्याच गेजची वाहनं आणली. ६ एप्रिल १९६३ ला लॅनफेअरच्या टोकाकडून पहिली गाडी सुटली, तीही अर्ध्याच वाटेपर्यंत, कॅसल कायरायनियन या स्टेशनापर्यंत. पुढे डबे आले ऑस्ट्रियाच्या झिलरटालहून, १९७५ मध्ये इंजिन आणि डबे आले थेट सिएरा लिओनहून, तिथली रेल्वे बंद झाली म्हणून. वेल्शपूलच्या टोकाला गाडी पोहोचली १९८१ मध्ये. बंद पडल्यापासून पंचवीस वर्षं. हा आकडा तुमच्या गटात पहिल्याच बैठकीत सांगा. ज्यांना दोन वर्षांत फीत कापायची आहे त्यांना तो जड जाईल, पण जे राहतील ते शेवटपर्यंत राहतील.

या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची बाब वेल्शपूल गावातली आहे. मूळ मार्ग गावाच्या मधून, घरांच्या परसांना खेटून जायचा. नगरपालिकेला ती जागा रस्त्यासाठी हवी होती. ऑगस्ट १९६३ मध्ये त्या तुकड्यावरून शेवटच्या गाड्या गेल्या आणि रूळ उखडले. आज गाडी गावाच्या पश्चिम कडेला थांबते, मुख्य रेल्वे स्टेशनापर्यंत जात नाही. मंडळींनी तेवढा तुकडा सोडला म्हणून बाकीचे आठ मैल वाचले. तो निर्णय घेताना त्यांना काय वाटलं असेल याची मला कल्पना आहे, आणि तरी तो बरोबर होता असंच मी म्हणेन.

उलट उदाहरण डेव्हनमधल्या लिंटन–बार्नस्टेपल रेल्वेचं. १९३५ मध्ये बंद झाली, लगेच रूळ काढले आणि जमीन तुकडे करून विकली. पुनरुज्जीवन सुरू आहे, २००४ पासून वूडी बे स्टेशनावरून गाडी चालते, पण मूळच्या एकोणीस मैलांपैकी आज जेमतेम एक मैलाची. प्रत्येक शेताचा मालक वेगळा, प्रत्येकाशी वेगळी बोलणी. त्याच वेळी वेल्श हायलँड रेल्वे पाहा. १९३७ पर्यंत पूर्ण बंद, युद्धात रूळ काढून नेले, तरी १९९७ ते २०११ या काळात सगळा चाळीस किलोमीटरचा मार्ग पुन्हा बांधला गेला. पैसा लॉटरी निधीसारख्या मोठ्या स्रोतांतून आला हे खरंच, पण त्याआधीची गोष्ट अशी की दिवाळखोरीच्या कायदेशीर गुंत्यात अडकल्यामुळे मार्गाची जमीन कित्येक दशकं अखंड राहिली होती. रूळ गेले तरी चालतात, नवे टाकता येतात. जमिनीची पट्टी तुटली की काम तिथेच थांबतं.

म्हणून तुमचं पहिलं काम तलाठी कार्यालयात आणि भूमी अभिलेखात आहे. निवडलेल्या तुकड्यात रेल्वेची पट्टी कोणकोणत्या गावांच्या शिवारातून जाते, त्या प्रत्येक ठिकाणी सात-बारावर आणि गाव नकाशात काय नोंद आहे, कुठे फेरफार झाला, कुठे बांध सरकला, कुठे तूर पेरली जाते, याची एक वही करा. शकुंतलेच्या बाबतीत हे अधिकच गरजेचं, कारण कंपनी, रेल्वे आणि राज्य शासन अशी तीन नावं जुन्या कागदांत येतील. कोणाशी भांडायला जाऊ नका. अतिक्रमण करणारा बहुतेक वेळा तुमचाच चुलतभाऊ असतो. नुसती नोंद ठेवा, तारखेसह फोटो ठेवा. उद्या रेल्वेच्या विभागीय कार्यालयात बसाल तेव्हा ही वही टेबलावर ठेवली की समोरचा अधिकारी तुम्हाला गंभीरपणे घेतो.

कायद्याची बाजू समजून घ्या. बंद मार्गावर प्रवासी न्यायचे तर रेल्वे सुरक्षा आयुक्तांची पाहणी आणि त्यावर मंजुरी लागते. १९८९ च्या रेल्वे कायद्यात बंद झालेला मार्ग पुन्हा उघडण्याची वेगळी तरतूद आहे. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे रेल्वेच्या इच्छेवर त्यांचं मत अवलंबून नसतं. आणि एक गोष्ट वेल्सपेक्षा इथे वेगळी आहे, ती मनात पक्की करा: आपल्याकडे पातालपाणी, वघई, माथेरान, दार्जिलिंग सगळीकडे गाडी रेल्वेच चालवते. स्वयंसेवकांनी इंजिन चालवायचं, सिग्नल द्यायचा, अशी सोय आज आपल्या व्यवस्थेत नाही. तुमच्या संस्थेला काम उरतं ते स्टेशन, कागद, संग्रह, माहिती देणारी माणसं, खाणं, परिसराची देखभाल आणि पाठपुरावा. हे काम कमी नाही. ज्या हेरिटेज गाड्यांना स्थानिक लोकांची साथ नाही त्या पहिल्या पुरात बंद पडतात आणि मग त्यांच्यासाठी कोणी अर्जही करत नाही.

आता तुकडा कोणता? तुमच्या पत्रात मूर्तिजापूर ते दर्यापूर सुचवलं आहे. कारण समजतं, मूर्तिजापूर मुख्य लाइनीवर आहे आणि लोको शेडही तिथेच होतं. तरी मी अचलपूरचं टोक निवडेन. मूर्तिजापूर–दर्यापूरच्या मध्ये पूर्णा नदी आहे. मोठ्या नदीवरचा जुना पूल हेरिटेज गटाच्या आवाक्याबाहेरचा असतो. लॅनफेअरच्या मार्गावरही डिसेंबर १९६४ च्या पुरानं बॅन्वी नदीवरच्या पुलाचा खांब खचला होता, नुकत्याच सुरू झालेल्या रेल्वेच्या गळ्याशी आलं होतं, लष्कराच्या अभियंत्यांनी मदत केली म्हणून १९६५ मध्ये गाडी पुन्हा चालली. असा धोका पहिल्याच दिवशी अंगावर कशाला घ्यायचा?

दुसरं कारण प्रवाशांचं. परतवाडा-अचलपूरला माणूस आधीच येतो, कारण चिखलदरा आणि मेळघाटला जाण्याचा रस्ता तिथूनच आहे. अचलपूर म्हणजे इमादशाहीची राजधानी, हौज कटोरा ही जुनी वास्तू तिथे आहे, वर गाविलगड आहे. १८०३ च्या डिसेंबरात गाविलगड इंग्रजांच्या हाती पडला आणि त्याच महिन्यात तह झाला तो सुर्जी-अंजनगावला, म्हणजे तुमच्या लाइनीवरच्याच गावात. अंजनगावचे पानमळे आणि पिंपळीची शेती पाहायला मिळाली तर शहरातला माणूस तासभर रमेल. गाडीत बसायला येणाऱ्याला गाडीखेरीज दिवसभराचं कारण लागतं. ते अचलपूरकडे आयतं आहे, मूर्तिजापूरकडे तयार करावं लागेल.

तिसरं कारण सहसा कोणी पाहत नाही, ते फाटकांचं. डांबरी रस्ता जिथे जिथे रूळ ओलांडतो तिथे गेटमन लागतो, पाळीप्रमाणे लागतो, आणि त्याचा पगार गाडी चालो न चालो द्यावाच लागतो. दहा किलोमीटरच्या दोन तुकड्यांत रूळ सारखेच असतील, पण एकात दोन फाटकं आणि दुसऱ्यात सात असतील, तर पहिला निवडा. याच कारणानं मी परतवाडा बाजाराच्या शक्य तितकं बाहेर सुरुवातीचं स्टेशन घ्यायला सांगेन. वेल्शपूलनं केलं तेच.

आता माझ्या खात्याचं. तुमच्या भागातली काळी कापसाची माती हा या सगळ्या प्रकल्पाचा खरा विरोधक आहे. उन्हाळ्यात ती इतकी फाटते की भेगेत काठी पूर्ण जाते. पावसात तीच फुगते, भराव उचलला जातो, स्लीपरखालची, म्हणजे रूळ ज्या आडव्या तुळयांवर बसतो त्यांच्याखालची, खडी मातीत बुडते आणि तिथे पाण्याचे खळगे तयार होतात. वरून रूळ ठीक दिसतो, गाडी आली की डबा एका बाजूला कलतो. गँगवाले रोज पॅकिंग करायचे, स्लीपरखाली खडी ठोकून भरायचे, तेव्हा ते लपून राहायचं. गाडी बंद पडल्यावर पॅकिंगही बंद झालं, आता ते सगळं उघडं पडलं असणार. आणि अडचण अशी की चिखलदऱ्याला गर्दी होते ती पावसाळ्यात आणि त्याच्या लगोलग, म्हणजे नेमकी माती सगळ्यात कमजोर असते तेव्हा. माथेरानला पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंदच ठेवतात. तरीही २००५ च्या पावसानं तो मार्ग धुऊन नेला होता आणि तो २००७ मध्येच पुन्हा सुरू होऊ शकला. तुम्हाला पावसाळ्यात गाडी चालवायची असेल तर पैशाचा पहिला मोठा वाटा रुळावर नाही, पाण्याच्या निचऱ्यावर घाला. भरावाच्या दोन्ही बाजूंची चर, मोऱ्यांची तोंडं, खडीखाली मुरुमाचा थर. हे काम फोटोत दिसत नाही, म्हणून उद्घाटनाच्या अंदाजपत्रकात ते नेहमी शेवटी ढकललं जातं. तुम्ही ते पहिल्या ओळीत लिहा.

रूळ कसा पाहायचा ते सांगतो, कारण तुम्ही ‘ट्रॅक बऱ्यापैकी शाबूत आहे’ असं लिहिलंय आणि एवढ्यावर कोणी काही ठरवू शकत नाही. आधी विभागीय कार्यालयाची लेखी परवानगी घ्या, त्याशिवाय रेल्वेच्या हद्दीत पाऊल टाकू नका. परवानगी मिळाली की नॅरोगेजचा निवृत्त कीमन, म्हणजे रोज रूळ चालून तपासणारा माणूस, सोबत घेऊन चाला. लाकडी स्लीपरवर डॉगस्पाइकच्या (रूळ धरणाऱ्या खिळ्याच्या) शेजारी हातोडी मारा. धड लाकूड खणखणीत वाजतं, आतून कुजलेलं मंद, बसका आवाज देतं. शंका आली की टोचा घालून पाहा, बोटभर आत गेला तर ते स्लीपर गेलं. गेज मोजताना रुळाच्या माथ्याच्या थोडं खाली, आतल्या बाजूनं मोजा. ७६२ च्या जागी किती भरतं ते प्रत्येक सांध्यावर आणि वळणात दर काही पावलांवर लिहा. वळणात गेज रुंद होतं, कारण खिळे सैल झालेले असतात. मग सांधे. सांधा जोडणारी फिशप्लेट काढल्याखेरीज बोल्टच्या भोकातली चीर दिसत नाही. जुन्या लोकांची पद्धत अशी: रुळाचं टोक रॉकेलनं पुसायचं, कोरडं करायचं, वर खडूची पूड चोळायची आणि हातोडीचा हलका ठोका द्यायचा. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल पांढऱ्यावर काळी रेघ काढून दाखवतं. हे काम तुम्ही स्वतः करू नका, त्या माणसाला करू द्या, तुम्ही लिहून घ्या. शंभर सांध्यांची अशी नोंद असेल तर कोणताही अभियंता तुम्हाला खर्चाचा खरा अंदाज देऊ शकेल. ती नसेल तर तो सरळ सगळं नवं टाका म्हणेल, आणि मग आकडा ऐकून सगळेच उठून जातील.

इंजिन आणि डबे हा भाग सगळ्यांना आवडतो, म्हणून मी तो मुद्दाम थोडक्यात उरकतो. वेल्सवाल्यांना त्यांच्या गेजची वाहनं ऑस्ट्रिया आणि आफ्रिकेतून आणावी लागली. आपल्याकडे ७६२ मिलीमीटरच्या गाड्या आजही चालतात: कालका–सिमला, कांगडा खोरं, बिलिमोरा–वघई. म्हणजे डबे, डिझेल इंजिनं, सुटे भाग आणि ते दुरुस्त करणारे कारखाने देशातच आहेत. माणसंही जवळ आहेत. सातपुड्याचं नॅरोगेज गेल्या दहा-बारा वर्षांत ब्रॉडगेज झालं, नागपूर–छिंदवाडा २०१५ मध्ये थांबली. नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे. त्या परिसरात ज्यांनी आयुष्यभर हीच चाकं आणि हेच ब्रेक सांभाळले ती मंडळी आता सत्तरीकडे झुकली आहेत. त्यांचं बोलणं आत्ताच रेकॉर्ड करा. इंजिन पुढच्या पाच वर्षांतही मिळेल, ही माणसं पाच वर्षं थांबतीलच असं नाही.

वाफेचं इंजिन? सुरुवातीला नको. बॉयलरची ट्यूब, दर ठरावीक दिवसांनी धुलाई, तपासणी, चांगला कोळसा, गोडं पाणी आणि तीन-चार तास आधीपासून आग धरणारा माणूस, हे सगळं दहा किलोमीटरच्या नव्या गाडीला पेलत नाही. डिझेलवर दोन हंगाम गाडी वेळेवर चालू दे. मग वर्षातून काही ठरलेल्या दिवशी वाफ आणायचा विचार करा. अचलपूरला त्या दिवशी पाय ठेवायला जागा राहणार नाही याची मला खात्री आहे, पण ती गर्दी सांभाळायचा सराव आधी डिझेलवर व्हायला हवा.

पैशाबद्दल स्पष्ट सांगतो. तिकिटातून रोजचा खर्च निघाला तरी भरपूर म्हणायचं, मार्ग पुन्हा उभा करण्याचा खर्च तिकिटातून कधीच निघत नाही. वेल्सच्या गाड्यांना वाचवलं ते फुकट श्रमांनी. कार्यालयात बसणारा माणूस शनिवारी स्लीपर उचलायला यायचा. आपल्याकडे लोक असे येणार नाहीत असं मला अनेक जण सांगतात. मी ते मानत नाही. गाडगेबाबांचा जन्म शेंडगावचा, तुमच्याच अंजनगाव तालुक्यातला, आणि बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याचं. हातात खराटा घेऊन गाव झाडण्याची सवय या माणसानं ज्या मातीत लावली त्या मातीला श्रमदान शिकवायला वेल्सचा दाखला लागत नाही. चालू रुळावर काम रेल्वेच्या माणसांनीच करायचं, तिथे तडजोड नाही. पण स्टेशनची इमारत, फलाट, पिण्याच्या पाण्याची सोय, झाडं, जुन्या कापसाच्या गाठींच्या काट्याची आणि गोदामाची डागडुजी, हे सगळं परवानगी घेऊन गाव करू शकतं. जिनिंग-प्रेसिंगचे जुने कारखानदार, त्यांच्या घरांतल्या बिल्टी, फोटो, हिशेबाच्या चोपड्या गोळा करा. ही गाडी कापसासाठी आली. कापूस वेचणाऱ्या बाईपासून गाठ बांधणाऱ्या हमालापर्यंतची गोष्ट त्या स्टेशनात दिसली पाहिजे. नुसतं ‘ब्रिटिशकालीन’ एवढाच फलक लावून भागवू नका.

गाडी चालेल त्या दिवशी स्थानिक माणसाला तिकीट स्वस्त ठेवा, बाहेरच्याला पूर्ण दर. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी एक फेरी गावकऱ्यांच्या वेळेची हवीच. ज्यांची ही गाडी होती त्यांना तिच्यात परकं वाटू लागलं तर मी या कामाला मदत करणार नाही.

आता लगेच करायचं ते. संस्था नोंदवा, सात ते अकरा माणसांची, सगळ्या राजकीय पक्षांतली आणि लाइनीवरच्या प्रत्येक गावातली, एकाच गावाची नको. अचलपूरकडचे बारा किलोमीटर नकाशावर ठरवा. जमिनीची वही सुरू करा. विभागीय रेल्वे व्यवस्थापकांकडे फक्त एकच अर्ज करा, पाहणीच्या परवानगीचा. त्यात गाडी सुरू करा असं लिहू नका. परवानगी हातात आली की पहिला पाऊस पडायच्या आत त्या बारा किलोमीटरमधल्या प्रत्येक मोरीचा दोन्ही तोंडांकडून फोटो घ्या आणि वर पांढऱ्या रंगानं क्रमांक टाकायची मुभा मागा. ऑगस्टमध्ये मोठा पाऊस होऊन गेला की त्याच जागी उभं राहून पुन्हा फोटो घ्या. दोन्ही जोड्या, सांध्यांची नोंद आणि जमिनीची वही मला पाठवा. त्यावरून कुठे किती मुरूम लागेल आणि कोणती मोरी आधी बांधायची, हे मी लिहून देईन.